सायकल हातात धरून

माझ्या सायकलला गियर आहेत याचा आमच्या इमारतीतल्या बायकांना अजून राग आहे. साधी सायकल असती तर 'गरज असेल बिचारीला' म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं. गियरची सायकल म्हणजे हौस. आणि साठी उलटलेल्या, नवरा गेलेल्या बाईनं हौस करायची ती पौर्णिमेला विहारात खीर वाटायची, फार तर नातीला बागेत न्यायची. पहाटे हेल्मेट घालून जिना उतरणारी बाई त्यांना बघवत नाही. बघवत नसेल तर बघू नये, इतकं साधं आहे. पण बघतात, आणि मग माझ्या मुलाला विचारतात, "आई आज कुठे?" जशी काही मी शाळा बुडवून पळालेय.

सायकल मला नवीन नाही. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते, आणि सगळी नोकरी सायकलवरून ये-जा करूनच केली. तेव्हा त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. भोंग्याच्या आधी रस्ता सायकलींनी भरून जायचा, नुसत्या घंट्या. परतीच्या वाटेत एक चढ होता. फार मोठा नव्हता, पण समोरून वारा यायचा, मागे कॅरियरला डबा असायचा, आणि पाळी संपवून आलेल्यांच्या पायात जीव नसायचा. त्या चढाला सगळे उतरायचे. तरुण, म्हातारे, सुपरवायझरसुद्धा. एक हात हँडलला, एक सीटला, सायकल हातात धरून चालायचं आणि बोलायचं. एरवी सायकलवर वाऱ्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणी सगळी चढावर. तिथे लग्नं ठरली, संपाची खलबतं झाली, सासवांची उणीदुणी निघाली. माझे मिस्टर त्याच चढावर बरेच दिवस माझ्या शेजारून मुकाट चालले आणि मग एकदा धीर करून म्हणाले, "आपण कुठल्या क्वार्टरमध्ये राहता?" त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. वर पोचलं की पुन्हा टांग टाकायची आणि निघायचं. मध्ये उतरून चाललो म्हणजे सायकल चालवली नाही, असं आमच्यात कोणाच्या मनातही आलं नाही.

निवृत्तीनंतर मिस्टरांना हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, जपा. आमच्या सगळ्या गोतावळ्यानं जपणं म्हणजे बसवणं असा अर्थ घेतला. आधी सायकल बंद झाली, मग बाजार बंद झाला, मग जिना बंद झाला. "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." माणूस शब्द मोडणारा नव्हता, बसला. गॅलरीतली खुर्ची, चहा, पेपर, पुन्हा चहा. भाजी आणायला मिळावी म्हणून ते एकदा सुनेकडे गयावया करत होते, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. कारखान्यात ज्यांच्या आवाजाला लोक वचकून असायचे, तो माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी विनवण्या करत होता. ते हृदयानं गेले असं डॉक्टर म्हणाले. माझं मत वेगळं आहे. त्यांना काळजीनं नेलं.

म्हणून मला कोणी प्रेमानं 'आता तू बस' म्हणालं की माझं डोकं फिरतं.

मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बापासारखा प्रेमळ आहे आणि बापाहून घाबरट. गेल्या पावसाळ्यात औंधजवळ एका दुचाकीवाल्यानं मला घासलं, मी पडले आणि गळ्यापाशी हाड मोडलं. कोणा अनोळखी माणसानं माझ्या फोनवरून मुलाला फोन केला. तो फोन त्याच्या कानातून अजून गेलेला नाही, हे मला कळतं. मी त्याची आई आहे, दगड नाही. पण हाड जुळल्यावर त्यानं काय करावं? सायकलच्या चाकाला कुलूप घातलं आणि किल्ली ऑफिसच्या बॅगेत टाकून हिंजवडीला निघून गेला. मी भांडले नाही. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला वर बोलावलं आणि कुलूप कापून घेतलं. संध्याकाळी मुलानं टीपॉयवर कापलेलं कुलूप बघितलं आणि घरात अबोला सुरू झाला.

तो अबोला सुनेनं मोडला. ती बँकेत आहे, बोलणं मोजकं. जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "तुम्ही दोघं एकदाचं काय ते ठरवा. मला भाजी कोणाला वाढायची आणि कोणाला नाही, हे लक्षात ठेवायचा कंटाळा आलाय."

तेव्हा मी रागाच्या भरात म्हणाले, "थंडीत आमच्या सायकलगटाची दोन तळ्यांची फेरी आहे. मुळशी आणि पवना. सबंध फेरीत एकदाही टेम्पोत बसले नाही, तर सायकल माझी आणि तू पुन्हा तोंड उघडायचं नाही. बसले, तर सायकल देऊन टाक कोणालाही."

मुलानं पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"ठीक," तो म्हणाला आणि पोळी तोंडात घातली. इतक्या चटकन तयार झाला याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण रागात माणसाला जिंकल्याचा भास लवकर होतो.

टेम्पोचं सांगायला हवं. आमच्या गटाच्या मागे एक टेम्पो असतो. त्यात पाणी, केळी, जादा ट्यूब, पंप, आणि ज्यांचे पाय गेले ते लोक. सायकल वर टपावर बांधतात, माणूस आत. बाहेरून गावातली पोरंटोरं बघत असतात. टेम्पोत बसण्यात लाज नाही असं गटातले सगळे एकमेकांना सांगतात, आणि त्यावरूनच ती आहे हे कळतं. गटाच्या नियमांत एक नियम असाही होता, की मोठ्या चढावर सायकलवरून उतरून चालणाऱ्याला टेम्पोत घ्यायचं. नियम होता, पण तो पाळताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. चढ आला की निम्मा गट उतरायचा आणि फोटो काढण्याचं निमित्त करायचा.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. त्या रस्त्याला आता रस्ता म्हणायचं ते जुन्या ओळखीमुळे. दोन्ही बाजूंना लग्नाची लॉन्स, 'तलावदर्शनी प्लॉट'चे फलक, आणि फलकावर अशी एक बाई, जिच्या मागच्या तळ्यात हंस पोहतायत. मुळशीच्या तळ्यात मी हंस पाहिलेला नाही. पाणकावळे भरपूर आहेत, पण पाणकावळा दाखवून प्लॉट खपत नसावेत.

पौड सोडलं की मात्र श्वास मोकळा होतो. भात कापून झालं होतं, खळ्यांवर पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता आणि वाऱ्याला ओल्या पेंढ्याचा वास होता. मग वळणावर एकदम पाणी दिसतं. धरण काठोकाठ होतं. डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, मधल्या खाचांतून पाणी आत आत शिरलेलं, त्यामुळे रस्त्यालाही प्रत्येक खाचेच्या टोकापर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर यावं लागतं. समोरचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं आणि तिथं पोचायला तास जातो. पूर्वी ही गावं खाली होती, जिथे आता पाणी आहे तिथे. धरण झालं आणि माणसं वर सरकली, काही डोंगरावर, काही कुठल्या कुठे. आता काठावर शहरातल्या लोकांचे बंगले आहेत आणि पाण्याकडे उतरणाऱ्या वाटांवर 'खाजगी मालमत्ता, आत येऊ नये' अशा पाट्या. ज्यांची गावं बुडाली त्यांच्या नातवंडांनी पाटीच्या अलीकडून पाणी बघायचं. अशी पाटी दिसली की मी सायकल थांबवते आणि तिच्या पलीकडे दोन पावलं जाऊन पाणी बघून येते. तहान नसते, फोटोही काढायचा नसतो. उगाच जाते. आजवर मला कोणी अडवलेलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, बोलायला बरंच साठलेलं होतं.

ताम्हिणीच्या अलीकडे रस्ता सोडून आम्ही उजवीकडे डोंगरात वळलो. तिथून पुढे घाटाचा मोठा चढ. झाडी दाट, रस्ता अरुंद, डांबर जागोजागी उखडलेलं. थोडं अंतर मी सगळ्यात हलक्या गियरवर रेटलं. मग गुडघा बोलायला लागला, तेव्हा उतरले. एक हात हँडलला, एक सीटला. छान चालले होते मी. दम लागला नव्हता, घाम गार वाऱ्यावर सुकत होता, डाव्या हाताला झाडांच्या फटीतून खाली पाणी चमकत होतं.

मागून टेम्पो आला. माझ्या शेजारी येऊन माझ्याच चालीनं चालू लागला. पुढच्या सीटवरून आमच्या गटाचा म्होरक्या उतरला. मुलाच्याच वयाचा, हिंजवडीतलाच, अतिशय सभ्य मुलगा. मी त्याला कधी कोणाशी आवाज चढवून बोलताना ऐकलं नाही.

"काकू, थांबता का जरा?"

"थांबले की पुन्हा चालू व्हायला गुडघा कुरकुरतो. बोला तुम्ही, मी ऐकतेय."

तो शेजारून चालू लागला. "म्हणजे कसं आहे काकू, चढावर उतरलेल्यांना आपण टेम्पोत घेतो. नियम आहे ना आपला."

"गेल्या वर्षी महाबळेश्वरच्या वाटेवर तुम्ही स्वतः उतरला होतात. मी तुमच्या मागेच होते."

"हो, तेव्हा... म्हणजे कसं आहे..."

आमच्या पुण्यात सभ्य माणूस खोटं बोलायच्या आधी 'म्हणजे कसं आहे' असं म्हणतो. दोनदा म्हणाला, म्हणजे काहीतरी मोठं होतं.

"काकू, वर जेवायला सगळे थांबलेत."

"मग जेवा."

"तुमच्यासाठी थांबलेत."

"मी थांबा म्हणाले नव्हते. निरोप द्या, गार होईल, जेवून घ्या."

टेम्पोत मागे दोन तरुण पडले होते, एकाच्या पोटरीत गोळा आला होता आणि दुसरा केळं खात होता. केळंवाला म्हणाला, "आंटी, बैठ जाओ ना. क्या फरक पडता है?"

"मला पडतो," मी म्हणाले.

टेम्पो घरघरत होता, धूर माझ्या तोंडावर येत होता. म्होरक्यानं ड्रायव्हरला टेम्पो बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं. मग तो थांबला म्हणून मीही थांबले. त्यानं हेल्मेट काढलं. चेहरा अगदी पडलेला.

"काकू, खरं सांगू? मी दादाला शब्द दिलाय."

"कुठल्या दादाला?"

"तुमच्या मुलाला. परवा फोन आला होता त्याचा. म्हणाला, घाटाचा चढ आला की आईला काहीही करून टेम्पोत घ्या. नियम आहे म्हणून सांगा, म्हणजे ऐकेल. खूप टेन्शनमध्ये होता तो, काकू. रडायचाच बाकी होता. तुम्ही प्लीज समजून घ्या."

मला समजलं. पोळीचा तुकडा हातात धरून तो 'नक्की?' म्हणाला होता, तेही समजलं. पैज लावायची आणि पंचाला आधीच गाठून ठेवायचं. इतका राग मला आयुष्यात थोड्या वेळा आलाय. नुसता राग असता तर सोपं होतं, पण त्या रागात रडूही मिसळलेलं होतं. कुलूप निदान डोळ्यांसमोर तरी लावलं होतं. हे पाठीमागून लावलं, आणि तेही माझ्याच सोबत्यांच्या हातून.

मी सायकल झाडाला टेकवली. हँडलवर गटाचा नंबर लिहिलेला पुठ्ठा तारेनं बांधलेला होता. ती तार सोडवायला मला बराच वेळ लागला. तो मदतीला पुढे आला, त्याला नको म्हटलं. पुठ्ठा सुटल्यावर त्याच्या हातात दिला.

"हा घ्या. आता मी तुमच्या फेरीत नाही. हा रस्ता सरकारचा आहे आणि मी रस्त्यानं जाणारी एक बाई आहे. उतरून चालेन नाहीतर लोळत जाईन, तुमचा नियम मला लागू नाही."

"पण काकू, जबाबदारी आहे माझी."

"ती त्या पुठ्ठ्याबरोबर संपली. मुलाला सांगा, शब्द पाळायचा प्रयत्न केला, बाई वेडी निघाली."

तो पुठ्ठ्याकडे बघत उभा राहिला. मग टेम्पोत गेला आणि दोन पाण्याच्या बाटल्या, चिक्की आणि एक ट्यूब घेऊन आला. माझ्या पिशवीत भरताना हळूच म्हणाला, "पंक्चर काढता येतं ना तुम्हाला?"

"तुझ्या जन्माआधीपासून," मी म्हणाले. तोवर मी त्याला 'तुम्ही' म्हणत होते. त्या क्षणी तो मला आवडला.

टेम्पो गेला. वळणावरून त्याचा आवाजही गेला आणि मग मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, चांगलीच वाटली. रानात पाचोळा वाजला तरी मान वळत होती. फोनला रेंज नव्हती. तासभर एकही गाडी आली नाही. आपण ओळखीच्या लोकांसमोर तोऱ्यात बोललो आणि आता बघायला कोणी नाही, तर उरला किती तोरा, हे मी स्वतःला विचारलं. थोडाच उरला होता. पण पाय चालत होते. जुन्या चढावर व्हायचं तसंच सगळं होतं, फक्त शेजारून चालणारं कोणी नव्हतं. मी मिस्टरांशी मनातल्या मनात भांडत चालले. तुम्ही का बसलात? एकदा तरी 'नाही बसत' म्हणायचं होतं. माझ्यासाठी म्हणायचं होतं. असं बोलत बोलत मी खिंडीत पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. वर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी चिक्की खाल्ली आणि पुन्हा टांग टाकली.

गटाचा मुक्काम फार पुढे होता, तिथवर उजेडात पोचणं शक्य नव्हतं आणि मला पोचायचंही नव्हतं. दिवेलागणीला एक वाडी लागली. रस्त्याला लागूनच्या घरासमोर एक बाई भाताची पोती ताडपत्रीनं झाकत होती. माझ्याहून थोडी लहान असेल. तिनं आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे.

"कुठनं आलाव?"

"पुण्याहून."

"सायकलवं? आन् मानसं कुठं हायेत तुमच्या बरूबरची?"

"पुढे गेली."

"सोडून गेली?"

"मीच सोडलं त्यांना."

तिनं ताडपत्रीवर दगड ठेवला. "या, बसा," म्हणाली. मी ओट्यावर टेकले. पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा राग आला नाही. रात्री राहायचं विचारलं तेव्हा तिनं हो-नाही काही म्हटलं नाही, फक्त तांदळाच्या पिठात हात घालून विचारलं, "भाकऱ्या किती खाताव?"

जेवताना मी तिला सगळं सांगितलं. पैज, मुलाचा फोन, पुठ्ठा. मला वाटलं, ही बाई तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तुमचं काय खरं न्हाई बघा. पोरगं तिकडं जीव टांगून बसलं आसंल, आन् तुमी हितं भाकर खाताव. फोन करा त्येला आधी."

"रेंज नाही इथे."

"त्या म्होरल्या वळनावं हाय. चला, म्या येते."

तिनं बॅटरी घेतली. वळणावर एका खडकाशी गावातल्या माणसांची फोनवर बोलायची जागा होती, खडक बसून बसून गुळगुळीत झालेला. खाली अंधारात पाणी होतं. मी सुनेला फोन लावला, कारण मुलाशी बोलले असते तर दोघांपैकी एकजण नक्की ओरडलं असतं. मी एका घरी आहे, जेवलेय, सुखरूप आहे, एवढं सांगितलं. मागून मुलाचा आवाज आला, "लोकेशन पाठव म्हणावं, मी गाडी काढतो."

"गाडी आणलीस तर मी गाडीत बसणार नाही, माझ्या मागून चालत ये म्हणावं," मी सुनेला सांगितलं.

सुनेनं निरोप त्याला सांगितला. मग म्हणाली, "आई, पंक्चरचं सामान आहे ना बरोबर?" बस, एवढंच. ती कोणाच्या बाजूची आहे हे मला त्या रात्री कळलं, आणि मी ते आजवर मुलाला सांगितलेलं नाही.

परत येताना यजमानीण बाई म्हणाली, "पटलं का आता?"

"फोन करायचं पटलं," मी म्हणाले. "बाकीचं नाही."

ती खुदकन हसली. "लई आडमुठ्या हाव."

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या अंगानं जाऊन दुधिवरे खिंड गाठली, चढलेही चालतच. उतारावर पवनेचं पाणी समोर आलं. पवना मुळशीपेक्षा निराळी. मुळशी गंभीर, पवनेच्या काठी मात्र तंबूच तंबू, लाउडस्पीकर आणि रविवारची गर्दी. तरुण पोरं पाण्यात पाय सोडून बसली होती. मीही बूट काढून पाय सोडले. गुडघ्याला बरं वाटलं. म्होरक्याचा मेसेज आला होता, "काकू, आम्ही सगळे घरी पोचलो. तुम्ही?" मी लिहिलं, "चालले आहे." त्यानं हात जोडल्याची खूण पाठवली. ती नमस्काराची होती का वैतागाची, सांगता येत नाही.

गटाची फेरी दोन दिवसांची होती, मला तिसरा लागला. रात्र एका खानावळीच्या मागच्या खोलीत काढली. सोमवारी सकाळी तिकोन्याच्या पायथ्यावरून कोळवणच्या खोऱ्यात उतरले आणि पौडला पुन्हा मोठ्या रस्त्याला लागले. चांदणी चौकात ट्रक आणि बसच्या मधून मी अगदी कडेनं आले आणि तिथेही एक चढ सायकल हातात धरून चढले. एक गाडीवाला काच खाली करून म्हणाला, "आजी, पंक्चर?" मी म्हणाले, "नाही, हौस." हुज्जत न घालता त्यानं काच वर केली.

घरी, बोपोडीत पोचले तेव्हा दुपार झाली होती. मुलगा रजा टाकून इमारतीच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी उतरले. तो बोलायच्या आधी मीच बोलले.

"तू त्या मुलाला फोन केलास."

त्यानं नाकारलं नाही, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. "केला," तो म्हणाला. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन."

"म्हणजे पैज तू मोडलीस."

"आई, मला पैज नको होती. मला तू हवी होतीस. बाबांच्या वेळी मला काही करता आलं नाही."

"बाबांच्या वेळी आपण सगळं केलं," मी म्हणाले. "कोथिंबीरसुद्धा आणू दिली नाही. आणि ते गेलेच. मी पण जाणार आहे, कधीतरी. तोवर तू मला आई म्हणून ठेव. रखवालीला ठेवलेली वस्तू म्हणून नको. इतकं जमणार नसेल तर सांग, मी खोली बघते खडकीला."

हे मी रस्त्यावर बोलले, मोठ्यानं. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री थांबवून बघत होता. मुलगा रडला. बाप रडायचा तसाच, आवाज न करता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं नाही. घेतलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं.

त्यानं डोळे पुसले आणि सायकलच्या दांडीला हात घातला. "दे, वर नेतो. तीन मजले आहेत."

"सोड," मी म्हणाले.

त्यानं सोडली. मी दांडी खांद्यावर घेतली, मोडून जुळलेल्या हाडाच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर दम संपला आणि पायरीवर पाय लटपटला. पुढचं चाक भिंतीला घासलं. मागे त्याची पावलं थांबली. मान वळवून पाहिलं तर तो एक पायरी खाली उभा होता. त्याचे दोन्ही हात माझ्याकडे आले होते आणि मध्येच थांबले होते. ते तसेच हवेत धरून ठेवायला त्याला किती कष्ट पडत होते, ते मला दिसलं.

"मी मागे आहे," तो म्हणाला.

"दिसतंय," मी म्हणाले, आणि सायकल पुन्हा नीट खांद्यावर घेऊन पुढची पायरी चढले.